जुनी गाडी घरघरतेय? गॅरेजला नेण्याआधी एवढं करून बघा

दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी कधी गप्प नसते. डॅशबोर्ड करकरतो, दारांची रबरं कुरकुरतात, सायलेन्सरचा क्लॅम्प खडखडतो. त्याची सवय होते. मग एक दिवस त्यात वेगळाच आवाज मिसळतो, खालून येणारा, वेगाबरोबर वाढणारा, आणि सल्ले सुरू होतात. सोसायटीतला एक जण म्हणतो बेअरिंग गेलं, ऑफिसातला म्हणतो गिअरबॉक्स, कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणतो टायर बदला साहेब. तिघांपैकी एखादा बरोबर असतोही, पण तो कोण हे कळेपर्यंत तिन्ही बदलून झालेलं असतं.

ज्यांनी आजवर गाडीखाली डोकावलंही नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. दुरुस्ती घरी करायची नाहीये. गॅरेजमध्ये जाऊन ‘काहीतरी आवाज येतोय’ याऐवजी नेमकं चार वाक्यांत सांगता यावं, एवढंच. आणि त्यासाठी आवाज कुठून येतो याच्या मागे लागण्याऐवजी तो केव्हा येतो याच्या मागे लागा. गाडीचा पत्रा आवाज कुठल्या कुठे नेऊन सोडतो. मागच्या चाकाचा आवाज ड्रायव्हरला गिअरच्या दांड्याखाली वाजतोय असं अगदी शपथेवर वाटू शकतं. पण तो केव्हा सुरू होतो आणि कशाने थांबतो, याला यंत्रातलं ठरलेलं कारण असतं.

आधी आपली गाडी कुठल्या चाकांवर चालते ते बघा

इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये, तिथून डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी दात्यांची जोडणी) आणि एक्सलवरून, म्हणजे चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांवरून, चाकांना जाते. मारुती ८००, अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, सँट्रो, इंडिका या गाड्यांत पुढची चाकं गाडी ओढतात. त्यांच्यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच डब्यात असतात, तेलही एकच. तिथून दोन एक्सल निघतात आणि प्रत्येक एक्सलला दोन जॉइंट असतात, एक आत, एक चाकाजवळ. दोन्हींवर घडीघडीचा रबरी बूट असतो आणि त्यात ग्रीस भरलेलं असतं. मागच्या चाकांना फक्त बेअरिंग. पण तेही आवाज करतं, हे लोक हमखास विसरतात.

ओम्नी, ईको, बोलेरो, सुमो, क्वालिस, जुनी इनोव्हा या गाड्यांना मागची चाकं ढकलतात. त्यांच्यात गिअरबॉक्सपासून मागे लांब प्रोपेलर शाफ्ट जातो. शाफ्टच्या टोकांना क्रॉस (शाफ्टला वाकून फिरू देणारे जोड) असतात, शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मध्ये सेंटर बेअरिंग, आणि मागच्या हाउसिंगमध्ये (डिफरन्शियलच्या डब्यात) क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्टची ताकद एक्सलकडे वळवणारी दात्यांची जोडी. म्हणजे संशयितांची यादी आणखी लांब.

पहिली पायरी: फुकटात सुटणारे आवाज

टेस्ट ड्राइव्हला निघण्याआधी चारही चाकांचे नट पान्याने तपासा. हे सर्वांत आधी. पंक्चर काढल्यावर किंवा अलाइनमेंट करून आल्यावर एक-दोन दिवसांत खटखट सुरू झाली असेल, तर दुसरं काही शोधायच्या आधी नट.

डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी, मागच्या दिवाळीपासून पडून असलेली पिशवी, सगळं बाहेर. टायरच्या खाचांत अडकलेले खडे स्क्रू ड्रायव्हरने काढा, त्यांची टिकटिक बरोबर चाकाच्या वेगाने येते. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्रर्र असा कान किटवणारा आवाज आला, तर ब्रेक डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यात खडा गेलेला असू शकतो. गाडी थोडी मागे-पुढे घ्या, बऱ्याचदा पडून जातो. सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा गंजून सुटला, की इंजिनाच्या ठराविक फेऱ्यांनाच झणझणतो आणि गिअरबॉक्सच गेल्यासारखा वाटतो. गाडी थंड असताना त्यावर बुक्की मारून बघा.

टायरमधली हवा बरोबर करा आणि प्रत्येक टायरवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागलं, तर टायर करवतीच्या दात्यांसारखा झिजलाय. असा टायर बेअरिंगसारखाच गुणगुणतो.

दुसरी पायरी: उभ्या गाडीवरची परीक्षा

हँडब्रेक लावा, न्यूट्रल, इंजिन सुरू. क्लच पूर्ण सोडलेला असताना खालून घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर. उलट असेल, म्हणजे पेडल दाबल्यावरच सूंऽ किंवा किरकिर सुरू होते, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). दोन्ही कामांना गिअरबॉक्स उतरवावा लागतो, पण पहिलं गिअरबॉक्सच्या आतलं काम आहे आणि दुसरं क्लचचं. गॅरेजमध्ये या दोन्हींची सहज सरमिसळ होते, म्हणून पेडल दाबून-सोडून मोबाइलवर व्हिडिओच काढा. फ्रेममध्ये तुमचा पाय दिसला पाहिजे.

गाडी जागेवरून सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना एकदाच ‘धप्प’ होत असेल तर इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) बघा. बॉनेट उघडं ठेवून, दुसऱ्याला चालकाच्या जागी बसवून, ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये किंचित क्लच सोडायला सांगा, मग रिव्हर्समध्ये. इंजिन थोडं हलणारच. जागेवरून उसळलं तर रबर फाटलेलं आहे. ही परीक्षा बाजूला उभं राहून बघायची, गाडीच्या पुढे किंवा मागे नाही.

तिसरी पायरी: रस्त्यावर

रस्ता सरळ, रिकामा आणि डांबरी हवा. सिमेंटचा रस्ता स्वतःच गुंजतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे सिमेंटचा आहे, तिथे ऐकलेल्या आवाजावरून बेअरिंगला दोष देऊ नका. शिवाय तिथे मनाला येईल तिथे हळू होता येत नाही, थांबता येत नाही. गावाबाहेरचा एखादा रस्ता पहाटे गाठा. पंखा, एसी, रेडिओ बंद. सोबत कोणीतरी घ्या. ते मोबाइलवर रेकॉर्डिंग करतील आणि तुम्ही मोठ्याने वेग सांगायचा: ‘चाळीस, पन्नास, आता क्लच दाबला.’ घरी आल्यावर हे रेकॉर्डिंग सोनं आहे. काच खाली करून कंपाउंडच्या लांब भिंतीशेजारून हळू गेलात, तर त्या बाजूचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि डावं-उजवं थोडं कळतं.

आता एकेक गोष्ट बदलत जा. एका वेळी एकच.

आधी वेग तोच, गिअर वेगळा. पन्नासच्या वेगाने तिसऱ्या गिअरमध्ये, मग पन्नासनेच चौथ्यात. आवाजाचा सूर बदलला नाही, तर तो चाकांच्या वेगाशी बांधलेला आहे: टायर, बेअरिंग, एक्सल, डिफरन्शियल, प्रोपेलर. सूर खाली आला तर इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सची पुढची बाजू. एखाद्याच गिअरमध्ये येत असेल तर तो गिअर. मागची चाकं ढकलणाऱ्या पाच गिअरच्या बहुतेक गाड्यांत चौथा गिअर डायरेक्ट असतो, त्यात ताकद गिअरबॉक्समधल्या खालच्या शाफ्टच्या दात्यांतून जात नाही. म्हणून चौथ्यात गप्प आणि बाकी सगळ्यांत घरघर, हे खालच्या शाफ्टच्या बेअरिंगचं लक्षण.

मग साठच्या आसपास क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला घ्या, क्लच दाबूनच ठेवा आणि पाच-सहा सेकंद ऐका. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच यादीतून गेले. चावी मात्र बंद करायची नाही. ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टीअरिंग इंजिनावर अवलंबून असतात, आणि चावी काढली तर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. ही परीक्षा उतारावर किंवा घाटात अजिबात नको.

त्यानंतर सलग वेगात अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दाबल्यावर ऊंऽऽ, सोडल्यावर गायब किंवा वेगळाच सूर: दात्यांचा आवाज, म्हणजे क्राउन-पिनियन किंवा डिफरन्शियल. दाते ताकद घेताना एका अंगावर टेकतात, सोडल्यावर दुसऱ्या, म्हणून फरक पडतो. बेअरिंग आणि टायर यांना तुमच्या पायाशी फारसं देणंघेणं नसतं.

मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून हळू गोल फिरा आणि थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. मग दुसऱ्या बाजूला, मग रिव्हर्समध्ये. कट्-कट्-कट् आलं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलचा चाकाजवळचा जॉइंट. बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट जास्त वाजतो, तरी बूट बघितल्याशिवाय डावा-उजवा ठरवू नका.

ठराविक अंतराने ठोका पडत असेल तर मोजा. मध्यम आकाराचं चाक एका फेरीत साधारण १.९ मीटर जातं. म्हणजे ताशी १० किलोमीटरला दोन सेकंदांत सुमारे तीन फेऱ्या. ठोके तेवढेच पडले तर चाक, टायर, ब्रेक, एक्सल. त्याच्या चौपटीच्या आसपास, म्हणजे न मोजता येण्याइतके भराभर, तर प्रोपेलर शाफ्ट किंवा पिनियन, कारण ते चाकापेक्षा साधारण चारपट वेगाने फिरतात.

बेअरिंग की टायर

नवख्याला सगळ्यांत जास्त इथेच फसायला होतं, म्हणून थोडं थांबू. बेअरिंगची घूंऽऽ साधारण चाळीस-पन्नासला सुरू होते आणि वेगाबरोबर वाढत जाते. ऐन वेगात, रस्ता मोकळा असताना, स्टीअरिंग हलकंच डावीकडे-उजवीकडे घ्या, जेमतेम लेन बदलल्याइतकं. डावीकडे घेतल्यावर गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला आणि उजवीकडे घेतल्यावर कमी झाला, तर उजव्या बाजूचं बेअरिंग. टायरचा आवाज अशाने विशेष बदलत नाही. तो बदलतो रस्ता बदलल्यावर. जुन्या खडबडीत डांबरावरून नव्या गुळगुळीत डांबरावर गेल्यावर आवाज पडला, तर टायर. तरी शंका राहिली तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून घ्या. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर उत्तर मिळालं.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या जुन्या हॅचबॅकला असाच हुंकार होता. पुढून, थेट गिअरच्या दांड्याखालून. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं. साठला न्यूट्रल केलं, फरक नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला, फरक नाही. डावीकडे हलकं घेतलं तर आवाज दुप्पट, उजवीकडे घेतलं तर जवळजवळ शांत. एवढ्यावर गिअरबॉक्स संशयातून सुटला आणि गाडीची उजवी बाजू पकडली गेली. जॅकवर पुढचं उजवं चाक फिरवलं, गुळगुळीत. मागचं उजवं हाताने फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, तर बोटांना रवाळ थरथर लागत होती. कानाला तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं! काकांना शेवटपर्यंत पटलं नाही, कारण आवाज ‘पुढून’ येत होता. मागचं बेअरिंग बदलल्यावर पटलं.

चौथी पायरी: जॅकवर

टणक, सपाट जमीन. उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड. गाडीसोबत मिळालेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालायचा नाही, जॅक स्टँड (गाडी टेकवायचे पक्के आधार) लागतातच. विटांवर गाडी टेकवू नका, वीट सूचना न देता फुटते. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, तेव्हा मागचं चाक तपासताना तो सोडावा लागेल. म्हणजे दगड आणखी महत्त्वाचे.

चाक वर-खाली पकडून हलवा, घड्याळातल्या बारा आणि सहावर हात ठेवून. खटखट लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शन. हात तीन आणि नऊवर ठेवूनच ढिलाई लागत असेल तर बहुधा टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा चाकाजवळचा जोड). मग चाक फिरवत स्प्रिंगवर हात ठेवायची ती काकांच्या गाडीची युक्ती. चारही चाकांची करा, म्हणजे चांगलं बेअरिंग हाताला कसं लागतं तेही कळेल.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टीअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने बूट बघा. घड्या ताणून बघा, चीर आतल्या घडीत लपलेली असते. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असेल तर बूट फाटलाय. अजून आवाज नसेल तर जॉइंट धुऊन, नवं ग्रीस आणि नवा बूट एवढ्यावर भागतं. पावसाळ्यात चिखल आत जाऊन कटकट सुरू झाली, की खर्च जॉइंटचा किंवा अख्ख्या एक्सलचा. आतला जॉइंट कटकट फारशी करत नाही. चढावर जोर लावला की स्टीअरिंग आणि सीटला थरथर जाणवते, पाय काढला की जाते.

प्रोपेलरवाल्या गाडीत शाफ्ट हाताने पिळून बघा, दोन्ही बाजूंना. क्रॉसमध्ये ढिलाई लागते का, आणि क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजाची लालसर भुकटी दिसते का? भुकटी म्हणजे आतल्या सुया कोरड्या पडल्या. त्याआधी कधीतरी चालण्याच्या वेगाला चिंव-चिंव ऐकू आलेली असते. क्रॉसला ग्रीसचं निपल असेल तर ग्रीस मारून घ्या, कित्येक गाड्यांना वर्षानुवर्षं कोणी मारलेलंच नसतं. रिव्हर्समधून पहिल्या गिअरला घेताना एक हलका ‘टक्’ एवढ्या रनिंगला चालतो. मोठा ‘खट्ट’ चालत नाही.

गिअरबॉक्स-डिफरन्शियलचं तेल शेवटी, पण टाळू नका. आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा, मगच खालचा काढा. वरचा गंजून अडकला आणि तेल सांडून बसलं तर गाडी तिथेच उभी राहील. गाडी चारही बाजूंनी समपातळीत असताना तेल सहसा भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ लेप नेहमीचाच. चिमटीत टोचणारे कण किंवा दात्याचा तुकडा मिळाला तर गाडी गॅरेजलाच. तेल कटिंग चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी शिरलंय. गरम हाउसिंग अचानक पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या छिद्रातून) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली सेकंडहँड गाडी घेताना हे आवर्जून तपासा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत अशा कित्येक गाड्या पाण्याखाली होत्या. नवं तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घ्या. मागच्या क्राउन-पिनियनला सहसा जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतलं तर काही गाड्यांतल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) मानवत नाही.

पाचवी पायरी: मेस्त्रीशी बोलताना

निदान सांगू नका, लक्षणं सांगा. ‘बेअरिंग बदला’ म्हटलं की बेअरिंग बदललं जातं, आवाज राहिला तरी बिल तुमचंच. त्याऐवजी: ‘पंचेचाळीसला सुरू होतो, न्यूट्रलला तसाच राहतो, डावीकडे घेतलं की वाढतो.’ चांगला मेस्त्री एवढ्यावरच मान हलवतो. त्याला गाडीत बसवा, त्याच रस्त्यावर न्या, आवाज त्याच्या कानांनी ऐकू द्या. आवाज न ऐकताच गिअरबॉक्स उतरवायची भाषा करणाऱ्याकडून चहा पिऊन परत या.

काढलेला पार्ट परत मागा. बेअरिंग बोटांत फिरवा, खरखर लागली पाहिजे. नवं बेअरिंग प्रेसने बसतं का हेही विचारा, हातोड्याने ठोकलेलं लवकरच पुन्हा गुणगुणू लागतं. गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील त्याच वेळी बघून घ्या, उतरवायची मजुरी पुन्हा द्यावी लागणार नाही.

मोठा खर्च निघाला तर आरसी बुकावरची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती ५ वर्षांसाठी वाढवता येते. नोंदणी संपत आली असेल तर क्राउन-पिनियनचा सेट घ्यायचा की गाडीच काढायची, हा हिशेब आधी मांडा. नुसता गुणगुणणारा क्राउन-पिनियन तेलाची पातळी सांभाळली तर पुष्कळ दिवस काढतो, माझ्या मते त्याला घाई नाही.

पण काही गोष्टींत एक किलोमीटरही पुढे जायचं नाही. चाक हाताने ढिलं लागत असेल, थोडं चालवल्यावर एकच हब इतर तिघांपेक्षा खूप तापत असेल किंवा जळका वास येत असेल, प्रोपेलरचा क्रॉस उघड हलत असेल, गिअरबॉक्समधून तेलाची धार लागली असेल, तर गाडी टोचन करून न्या. तीसुद्धा कोणत्या चाकांवर चालते ते उचलणाऱ्याला सांगून.

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगांना, त्याच क्रमाने परीक्षा पुन्हा करा आणि जुनं रेकॉर्डिंग शेजारी लावून ऐका. चाकं काढलेली असतील तर शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळून घ्या.